मोगऱ्याचा नवा

निवृत्तीच्या आधीचा काळ मी बँकेच्या मुख्य कार्यालयात काढला. तिथे माझ्या विभागाचं नाव होतं शाश्वत वित्त. नव्याने भरती झालेल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण केंद्रावर जाऊन एक व्याख्यान द्यायचं, हे माझ्या कामात येत होतं. विषय ठरलेला असे: शाश्वत विकासाचं भान ठेवून बँकेत दीर्घ कारकीर्द कशी घडवावी. पडद्यावरची चित्रं वरून तयार होऊन येत. हिरवी पानं, ओंजळीत धरलेलं रोप, एक पवनचक्की. मी ती एकेक करून पुढे सरकवायचे आणि समोरची मुलंमुली इमानदारीने टिपून घ्यायची. शेवटी एखादी धीट मुलगी विचारायचीच, "मॅडम, ग्रामीण भागात बदली झाली तर करिअरचं नुकसान होत नाही का?"

मी छापील उत्तर द्यायचे. खरं उत्तर द्यायला दुपार पुरली नसती आणि बाहेर चहा निवत असायचा. आता वेळच वेळ आहे, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीविषयी काहीही लिहा असं सांगून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. तेव्हा ते उत्तर इथे देते.

मी मूळची जव्हारची. वडील एसटीच्या डेपोत होते. बँकेत लागल्यावर लांबलांब फिरून शेवटी मोखाड्याला आले, आधी शेती अधिकारी म्हणून आणि मग शाखाधिकारी म्हणून. सहकाऱ्यांनी हळहळ व्यक्त केली. मोखाड्याची बदली म्हणजे साहेबांशी भांडण झालेलं दिसतंय, असा एक सर्वसाधारण समज होता. माझं कुणाशीच भांडण झालं नव्हतं. मला घरून डबा मिळणार होता, एवढंच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बँकेचा अधिकारी आकडे बघतो. शेतीकर्ज देणारा माणूस आकडे शेवटी बघतो. आधी तो हे बघतो, की समोर बसलेला माणूस माघ-फाल्गुनात कुठे असेल. आमच्याकडे हा प्रश्न फार मोलाचा. भात कापून झालं, नागली-वरई घरात आली आणि दिवाळी सरली, की मुकादमाचा टेम्पो पाड्यावर येतो. आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन त्यात चढतात आणि भिवंडी-पडघ्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मधे शिमग्याला चार दिवस येतात, परत जातात, आणि पाऊस तोंडावर आला की कायमची घरी. अशा माणसाला फळझाडासाठी कर्ज द्यायचं आणि उन्हाळ्यात झाडाला पाणी कोण घालणार हे विचारायचं नाही, याला आमच्या धंद्यात उद्दिष्टपूर्ती म्हणतात. मी अशी वाळलेली आंब्याची कलमं पुष्कळ पाहिली आहेत. कागदावर ती अजून जिवंत आहेत.

पाड्यावर तपासणीला गेले की मी आधी चूल बघायचे. राख गार आणि भुसभुशीत झाली असेल तर घर भट्टीवर गेलं आहे असं समजायचं, मग शेजारी काही का सांगेनात. अंगठ्यांवरूनही कळायचं. आमच्या अंगठा ओळखणाऱ्या यंत्राला भट्टीवरून आलेली माणसं ओळखू येत नसत. विटा उचलून उचलून बोटांच्या रेषाच गेलेल्या असत. माणूस समोर उभा आहे, मी त्याला नावाने ओळखते आहे, आणि यंत्र म्हणतं हा तो नव्हेच. मी ड्रॉवरमध्ये खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती. तेल चोळून, पुसून, पुन्हा अंगठा लावायचा. कधी यंत्र मानायचं, कधी नाही. एका आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "बाय, पायाचा अंगठा नाय का चालत? तो चांगला हाय."

असं सगळं चालू असताना वरून हरित कर्जाची योजना आली. सौरपंप, ठिबक आणि त्यावर मोगरा. मी प्रथम नेहमीप्रमाणे संशय घेतला, पण ही योजना विचार करून आखलेली होती हे मान्य केलं पाहिजे. मोगऱ्याला पावसानंतर थोडा पाण्याचा ताण द्यायचा, छाटणी करायची, पाणी सुरू करायचं. थंडी सरता सरता कळी लागते आणि पुढे उन्हाळाभर येत राहते. म्हणजे नेमके भट्टीचे महिने. ज्या दिवसांत घर रिकामं व्हायचं त्याच दिवसांत घरी काम आणि हातात रोज थोडी मिळकत. टिकणारं काही असेल तर हे, असं मला वाटलं.

खोडाळ्याच्या अलीकडे एका पाड्यावर मंजी आणि लहानू हे नवराबायको राहत होते. दोघं दरवर्षी भट्टीवर जायचे. त्यांची मुलगी सविता पाड्यावरच्या शाळेत होती, म्हणजे दिवाळीपर्यंत होती. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर विटांच्या रांगा मोजायची, आणि जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात बसायची. मंजी कर्जाचं विचारायला एकटीच शाखेत आली होती. आमच्याकडे बाया सहसा घोळक्याने येतात आणि घोळक्यानेच हसतात. ही एकटी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाय, मला भट्टीवर नाय जायचा. त्याचा काय असल तं सांगा."

मी त्यांचं घर, विहीर, जमीन बघून आले. लहानू कामाला वाघ होता, फक्त निर्णय घ्यायचा म्हटला की डोकं खाजवायचा. त्याचा धाकटा भाऊ कान्हू भट्टीवर जाणारच होता. कान्हूची बायको नुकती बाळंत झाली होती, तिच्या हाताखाली घरातली एक बाई लागणार होती. लहानू म्हणाला, "म्हातारी जाते कान्हूसंगं. पोर सांभालाया." म्हातारी म्हणजे त्याची आई, रखमीबाय. ती ओटीवर वाल निवडत बसली होती. तिने मान हलवली. मी पुढचा प्रश्न विचारला.

मोगरा लागला, जगला, छाटला गेला. दिवाळीनंतर टेम्पो आला आणि मंजी त्यात चढली नाही. पाड्यावर लोकांनी तिला थोडं हसून घेतलं. फुलांवर पोट भरणार म्हणे! या सगळ्याचा भार तिच्यावर होता. पहिला हंगाम हातचा गेला असता तर लहानूने पुढच्या दिवाळीला मुकादमापुढे हात पसरला असता, आणि सविता पुन्हा विटांच्या रांगा मोजायला गेली असती. मंजीने मला हे कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त दर बाजाराला खोडाळ्याहून मोखाड्याला यायची आणि कळी अजून का धरत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करायची, जशी काही ती मीच अडवून धरली होती.

मग कळी धरली. नेमकी त्याच सुमारास मुख्य कार्यालयाला आमच्या योजनेची आठवण झाली. पाटणकर नावाचा तरुण अधिकारी यशोगाथा लिहायला आला. मुलगा गुणी होता. घाटात दोनदा गाडी थांबवून उलट्या केल्या, पण कॅमेरा सोडला नाही. सकाळी सकाळी आम्ही पाड्यावर पोहोचलो, टेकाड ओलांडलं, आणि समोर लहानूची वाडी पांढरीशुभ्र दिसली. सगळ्या झुडपांवर फुलंच फुलं. वास तर टेकाडापासूनच येत होता.

"मॅडम!" पाटणकर म्हणाला, आणि धावत सुटला.

मी मंजी कुठे दिसते ते बघू लागले. ज्यांना मोगऱ्याचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बाजारात जाते ती कळी. पहाटे खुडायची, ओल्या कापडात पिशवीत भरायची, जीपने कसाऱ्याला आणि तिथून दादरच्या फुलबाजारात. तिथे संध्याकाळी ती कुणाच्या गजऱ्यात उमलली पाहिजे. झाडावर उमलली की तिचा पैसाही येत नाही. मोगऱ्याची वाडी पांढरी दिसायला लागली म्हणजे ती हातची चालली आहे. चांगली चाललेली वाडी हिरवी आणि कंटाळवाणी दिसते, तिचा फोटो कुणी काढत नाही.

पाटणकर झुडपांत गुडघे टेकून फोटो काढत होता. मंजी बांधावर उभी होती. मी तिला विचारलं, "हे काय? खुडली का नाहीत?"

"नाय खुडायची, बाय. नवा नाय जाला."

नवा म्हणजे काय ते मला माहीत होतं. शेतात आलेलं नवं धान्य आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवायचं, आणि मग आपण तोंडात घालायचं. भाताचा नवा असतो, नागलीचा असतो, पावसाळ्यातल्या पहिल्या रानभाजीचासुद्धा असतो. घरातलं वडील माणूस तो करतं. पण मोगऱ्याचा नवा मी ऐकला नव्हता.

"मोगऱ्याला कसला नवा?"

"शेतात आला ना? मंग नवा नको?" मंजी माझ्याकडे न बघता म्हणाली. "सासू फोनवर बोललीय. मी येत नाय तवर कोनी कलीला हात नाय लावायचा. माज्या हातानं नवा व्हल, मंग तोडा."

लहानू विहिरीपाशी बसून होता. त्याचा चेहरा पडला होता. "आयचा शबूद कसा मोडू, बाय? शिमग्याला येल ती. तवा करू."

शिमग्याला अजून बरेच दिवस होते. तोवर पहिला बहर सगळा झाडावरच उमलून गळला असता. मी लहानूला समजावलं, थोडी चिडलेही. तो डोकं खाजवत राहिला. मी मंजीला म्हटलं, तू तरी सांग. ती म्हणाली, "मी कोन सांगनार? ती मोठी हाय." एरवी ही बाई शाखेत माझ्याशी खताच्या पिशव्यांच्या दरावरून वाद घालायची, आणि आज अगदी गाय होऊन उभी होती. मला तेव्हा तिचा राग आला होता.

"मग म्हातारीला आत्ताच घेऊन ये," मी लहानूला म्हटलं.

"मुकादम नाय सोडायचा. मला बी ठेवून घेल तितंच."

हे मात्र खरं होतं. मंजी पटकन म्हणाली, "बँकेची बाय संगं असली तं नाय ठेवायचा."

बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात भट्टीवरून सासू आणण्याची तरतूद नाही. मी दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली आणि स्वतःच्या पैशाने जीप केली. यात थोरपणा काही नव्हता. माझ्या शाखेचं ते पहिलं हरित कर्ज होतं, पाटणकर ते वर जाऊन दाखवणार होता, आणि माझ्या बढतीची फाईल त्याच इमारतीत होती.

लहानू ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागे. खोडाळा, कसारा, शहापूर करत पडघ्याच्या पुढे आलो. रस्त्यावरून दिसते ती फक्त धुराची रेघ. आत वळल्यावर विटांच्या भिंती, तुसाचे ढीग, आणि कडेने बांबू-प्लास्टिकच्या झोपड्यांची रांग. कान्हू आणि त्याची बायको चिखल तुडवत होती. रखमीबाय एका झोपडीच्या सावलीला बसून झोळीतल्या बाळाला झोके देत होती आणि खोकत होती. ओटीवर वाल निवडणारी बाई ती हीच, हे मला जरा वेळाने पटलं. अंगावरची राख धरूनही ती निम्मी झाली होती.

लहानू तिच्यापुढे उकिडवा बसला. "आये, तू फोनवर बोललीस ना, माज्या हातानं नवा व्हल तवाच तोडा. वाडी पांडरी पडलीय. आता चल."

रखमीबायने झोका धरून ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "आजी, मोगऱ्याचा नवा. मंजी म्हणाली तुम्ही सांगितलंत."

"हां," ती म्हणाली. "बोलली मी. मंग? चला ना."

मुकादम तोपर्यंत आलाच. बँक भट्टीवर कधीपासून यायला लागली, असं त्याने हसत विचारलं. मी माझं ओळखपत्र दाखवलं, खरं तर त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. त्याने रखमीबायकडे बघितलं आणि हात झटकला. "बुढ्ढी तो गिनती में ही नहीं है. ले जाव."

मला ते वाक्य झोंबलं, कारण माझ्याही कागदांत ती कुठे नव्हती. कुटुंबातल्या मिळवत्या व्यक्ती, स्थलांतर थांबलेल्या व्यक्ती, असे सगळे रकाने मी सुवाच्य अक्षरात भरले होते. घर भट्टीवरून सुटलं असं मी लिहिलं, तेव्हा घरातली सगळ्यात थकलेली बाई टेम्पोत बसलेली होती. मी ओटीवर तिच्यासमोर उभी राहून ते लिहिलं होतं.

बाळाचं काय, हा प्रश्न मीच काढला. कान्हूची बायको चिखलाचे हात पुसत आली. "मी पाठीशी बांदीन. न्या तिला. रातभर खोकते, बाय, आमाला पन झोप नाय."

परतताना रखमीबाय मागे माझ्याजवळ बसली. लहानू पुढे खिडकीशी डोकं टेकून झोपला होता. कसारा मागे पडला आणि वळणं सुरू झाली तशी ती माझ्या कानाशी आली.

"फुलाचा नवा नस्तो गं बाय. फूल काय कोन खातो?"

"मग सांगितलंत कशाला?"

"नाय सांगितला असता तं मला न्याया कोन आला असता?"

ती तोंडावर पदर धरून हसली, हसता हसता तिला खोकला लागला. लहानूला जाग येईल म्हणून तिने माझा हात दाबला. मीही हसले. तिची लबाडी मला मनापासून आवडली, आणि ती करावी लागली याचं वाईटही वाटलं. लहानूला यातलं काही सांगायचं नाही, असं मी तिला वचन दिलं.

घरी पोहोचलो तेव्हा मंजी अंगणात आली आणि वाकून सासूच्या पाया पडली. ती लवकर उठेना. रखमीबाय तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मी प्रवासाने शिणले होते, जीपवाला घाई करत होता, मी निघाले.

नवा मी दुसऱ्या दिवशी कामावर जाताना वाट वाकडी करून पाहिला. नसलेला विधी करायचा म्हणजे अक्कल लागते. रखमीबायने नागलीची भाकरी करायला लावली होती. वाडीच्या कोपऱ्यात पानावर ती ठेवली, वर पाच कळ्या, कडेने तांदळाचे दाणे, कुंकू. नारळ फोडला. मग घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेत सुटली, आणि प्रत्येकाला सांगत होती की हे मोगरा म्हणून नवीन आलंय, खायचं नसतं, वास घ्या. पाड्यावरची माणसं जमली होती. कुणीही हसलं नाही. शेवटी ती वळली आणि सुनेला म्हणाली, "तोडा आता."

हंगाम वाचला. पहिल्या बहराचा बराच भाग गेला तरी पुढचे बहर सापडले. शिमगा झाला आणि रखमीबाय परत भट्टीवर गेली नाही. कान्हूच्या बायकोने खरंच मूल पाठीशी बांधून ते वर्ष काढलं. पुढच्या वर्षी कान्हूनेही मोगरा लावला. दिवाळीनंतर टेम्पो आला तो त्यांच्या अंगणापुढून रिकामा गेला. सविता त्या वर्षी पहिल्यांदा वरच्या वर्गात गेली.

इकडे पाटणकरचा फोटो बँकेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. मी त्याला फोन करून सांगितलं, की बाबा रे, ते पीक वाया गेल्याचं चित्र आहे. तो म्हणाला, "मॅडम, छपाईला गेलं हो. पण दिसतं छान!" छान तर दिसतच होतं. माझी बढती झाली आणि मी मुख्य कार्यालयात हजर झाले, तेव्हा तो फोटो काचेत घालून आमच्या विभागाबाहेर लावलेला होता. माझी खुर्ची त्याच्या बरोबर समोर आली. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे. मी सुरुवातीला एक-दोघांना खरं सांगून पाहिलं, पण माणसं नाराज व्हायची, म्हणून सोडून दिलं.

मोखाड्याच्या नव्या शाखाधिकाऱ्याचा एकदा फोन आला. त्याला पीक-वेळापत्रक भरायचं होतं. "मॅडम, इथे सगळ्या पाड्यांवर आता मोगरा आहे. पण माणसं नवा केल्याशिवाय कळी तोडत नाहीत. आणि घरातलं म्हातारं माणूस असल्याशिवाय नवा करत नाहीत. कुणाची आई भट्टीवर असली तर आधी तिला आणायला जातात. ही जुनी प्रथा आहे का? वेळापत्रकात दाखवू?"

"फार जुनी," मी म्हटलं. "दाखव."

व्याख्यानात हे सांगता आलं नसतं. सांगितलं असतं तर तो माझाच पराक्रम झाला असता, आणि तेव्हा तर मला ही हकीकत अर्धीच माहीत होती.

निवृत्त झाल्यावर मी जव्हारला परत आले. एकदा सकाळी लवकर खोडाळ्याकडे गेले. रखमीबाय आदल्या पावसाळ्यात वारली होती. मंजी ओटीवर बसून खुडलेल्या कळ्या निवडत होती, लहानू वाडीत होता. सविता शिकायला नाशिकला होती. मंजीने मला चहा दिला आणि पुन्हा कामाला लागली, कारण जीप यायची वेळ झाली होती. मीही तिच्यासमोर बसून उमललेली फुलं वेगळी काढू लागले. म्हातारी गेली, आता वचनाचं काय, असं म्हणून मी तिला जीपमधली गोष्ट सांगितली. फुलाचा नवा नसतोच. तुझ्या सासूने घरी येण्यासाठी तुम्हाला सगळ्यांना फसवलं होतं. मला वाटलं, ती हसेल.

मंजी हसली नाही. "असा बोलली ती तुमाला?"

"हो. जीपमध्ये. आणि त्याआधी भट्टीवर, लहानूसमोर. त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, बोलली मी."

"लहानूनं विचारला होता तिला?"

"विचारलं ना. मी तिथेच होते."

तिचा हात कळ्यांवर थांबला. "फोन माज्या हातात होता, बाय. म्हातारी बोलली, तोडा गं, माजी वाट नका बगू, कली फुकट जाल. नवा-बिवा ती काय बोलली नव्हती. मी बोलली. लहानूला सांगितला, तुजी आय असा बोलते."

"वाडी गेली असती, मंजी. सविता..."

"जाती तं जाती. कान्हूसंगं मी जायची होती. म्हातारी बोलली, तू ऱ्हा, पोरीची शाला हाय, मी जाते. माज्या जागेवर गेली ती. कान्हूची बायको फोनवर सांगायची, खोकते, रगत पडला. मी लहानूला बोलली, आयला आन. तो बोलला शिमग्याला येल. रोज बोलली, रोज शिमगा. मंग मी काय करू?"

तिने एक कळी उचलली, परत टोपलीत टाकली.

"मला वाटला लहानूनं तिला काय विचारलाच नाय. विचारला असता तं माजा खोटा बाहेर आला असता. वाडी मुद्दाम घालवली म्हनून त्यानं मला घरात ठेवली नस्ती." ती माझ्याकडे बघत होती. "इतकी वर्सं आमी एका चुलीवर रांदला, बाय. मला नाय बोलली ती."

जीपवाल्याने खालून हॉर्न दिला. मंजीने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. हॉर्न पुन्हा वाजला तशी राहिलेल्या कळ्या मी ओल्या कापडात बांधल्या, पिशवीत भरल्या आणि खाली नेऊन दिल्या.